वाहत्या रक्ताची परीक्षा

वसंत ऋतू आपल्या नागपुरात फार थोडे दिवस राहतो. पळस फुलतो न फुलतो तोच ऊन तापू लागते, आणि सायंकाळच्या व्याख्यानाला निघालेला मनुष्यही धरमपेठेच्या रस्त्यावरून झाडांची सावली धरून चालतो. याच दिवसांत विदर्भातल्या कित्येक घरांत एक काळजी दरवर्षी नव्याने डोके वर काढते. घरात सिकलसेलचे मूल असते. ते दुपारी उन्हात खेळते, पाणी प्यायचे विसरते, आणि रात्री त्याचे हातपाय, पाठ, छाती अशी काही दुखू लागते की त्याला कुशीवरही वळवत नाही. आई रात्रभर अंग चेपत बसते. अंगावर जखम नसते, हाड मोडलेले नसते. चार-आठ दिवसांनी दुखणे ओसरते, मूल शाळेत जाते, आणि एवढ्यातेवढ्याने घरी बसणारे म्हणून तेथे आळशी ठरते.

वास्तविक हे दुखणे शरीराच्या आत, केसाहूनही बारीक अशा नळ्यांत घडणाऱ्या एका अपघाताचे फळ असते. हा अपघात काही सेकंदांत घडतो. तो नीट समोर मांडून पाहण्याची सोय गेल्या वीस वर्षांत झाली. ज्या साधनाने ती झाली त्याची ओळख करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. या साधनाला सूक्ष्मप्रवाही चिप असे म्हणतात. ती पोस्टाच्या तिकिटाएवढी असते आणि दिसायला पारदर्शक रबराच्या तुकड्यासारखी असते. तिच्या पोटात पाण्याचे पाट असावेत तसे सूक्ष्म पाट कोरलेले असतात, आणि त्या पाटांतून जिवंत पेशी वाहताना आपण सूक्ष्मदर्शकातून पाहू शकतो. अशा चिपा आज जगात अनेक कामांसाठी वापरतात. परंतु विदर्भातल्या माणसाने ती समजून घ्यायची तर सिकलसेलच्या वाटेनेच समजून घ्यावी. कारण हा रोग आपल्या दाराशी आहे.

रोगाची कुळकथा

प्रथम रोगाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी, ग्रेनाडा बेटातून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्ताविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. निरोगी माणसाची तांबडी पेशी वाटोळी आणि दोन्ही बाजूंनी मध्ये खोलगट अशी असते. या तरुणाच्या रक्तात लांबट, बाकदार, विळ्यासारख्या पेशी आढळल्या. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात. त्यावरून रोगाला नाव पडले. पुढे १९२७ साली हान आणि गिलेस्पी या दोघांनी असे दाखवले की, या पेशींभोवतालचा प्राणवायू काढून घेतला की त्या वाकड्या होतात आणि तो परत दिला की पुन्हा वाटोळ्या होतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. चिपेच्या सगळ्या कथेत तिचेच काम आहे.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी दोष नेमका कोठे आहे ते दाखवले. पेशीत भरलेले जे हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे तांबडे द्रव्य, तेच या रोग्यांत निराळे असते. विजेच्या प्रभावाखाली निरोगी हिमोग्लोबिन एका वेगाने सरकते आणि सिकलसेलचे दुसऱ्या वेगाने. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे त्या निराळेपणाचे मूळ शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या रेणूत बीटा नावाची जी साखळी असते, तिच्यात १४६ मणी असतात असे समजा. त्यांतला सहावा मणी तेवढा बदललेला असतो. बाकी सारी माळ जशीच्या तशी असते. परंतु त्या एका मण्यामुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब ताठ दोऱ्या वळल्या जातात, आणि त्या दोऱ्या आतून पेशीला ताणून विळ्याचा आकार देतात.

भारतात या गुणाचा शोध १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना लागला. मध्य भारतातील, म्हणजे आपल्या नागपूरकडील, सिकलसेलची वार्ता शुक्ला आणि सोलंकी या संशोधकांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडली. म्हणजे हा रोग आपल्या भागाला काल-परवा चिकटलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या येथे आहे. ओळख मात्र उशिरा पटली.

तो येथे टिकला कसा, याचेही उत्तर मिळाले आहे. आईकडून किंवा वडिलांकडून, एकाकडूनच हा गुण आला तर मनुष्य वाहक होतो. त्याला एरवी काही त्रास होत नाही. दोघांकडूनही आला तर मात्र रोग होतो. वाहकाला घातक मलेरियापासून पुष्कळ अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले. ज्या रानावनांत शतकानुशतके मलेरिया होता, तेथे ज्यांनी तग धरला त्यांच्या वंशात हा गुण उरला. गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत तो आहे आणि गावोगावच्या इतर अनेक जातींतही आहे. यात कोणाच्या कुळाला बट्टा लागण्यासारखे काही नाही. पूर्वजांना ज्याने वाचवले त्याचाच हा भार काही मुलांना वाहावा लागतो, एवढेच.

काचपट्टीवर जे दिसत नाही

सिकलसेल ओळखण्याची जुनी रीत सोपी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घ्यावा, काचपट्टीवर ठेवावा, प्राणवायू शोषून घेणारे रसायन त्यात मिसळावे, वर पातळ काच ठेवून कडा बंद कराव्यात, आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहावे. पेशी विळ्यासारख्या झाल्या तर दोष आहे हे ठरते. ही रीत निरुपयोगी नव्हे. परंतु वाहकाच्या पेशीही या काचपट्टीवर वाकतात आणि रोग्याच्याही वाकतात. शिवाय खरा प्रश्न पुढेच राहतो. एकाच घरातली दोन भावंडे, दोघांच्याही अहवालात ‘एसएस पॅटर्न’ लिहिलेले. मग एक मूल वर्षातून चार वेळा दवाखान्यात का जाते आणि दुसरे बहुधा शाळेत का असते? आणि त्याच मुलाला काल काही झाले नाही, ते आज का कळवळते?

याचे उत्तर समजण्यासाठी काही मापे डोळ्यांपुढे ठेवली पाहिजेत. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रॉन रुंद असते. सुईच्या टोकावर मावणाऱ्या एका घन मिलिमीटर रक्तात निरोगी माणसाच्या अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. आणि ज्या केशवाहिन्यांतून त्यांना जायचे असते त्या कित्येक ठिकाणी पाच-सहा मायक्रॉनच रुंद असतात. म्हणजे वाट पेशीहून अरुंद! निरोगी पेशी मऊ असते. ती दुमडून, अंग चोरून त्या वाटेतून पार होते, आणि असा प्रवास सुमारे १२० दिवस करते. सिकलसेलची पेशी बहुधा दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रोग्याच्या अंगात रक्त कमी असते.

आता गंमत अशी की, प्राणवायू सोडल्याबरोबर पेशी लगेच वाकडी होत नाही. १९७४ साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवून दिले की, हिमोग्लोबिनच्या दोऱ्या वळल्या जाण्यापूर्वी मध्ये काही अवधी जातो. आपण त्याला विलंब म्हणू. पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदाच्या आसपास पार होते, पुढे रुंद शिरेत येते, आणि फुप्फुसांत जाऊन पुन्हा प्राणवायू घेते. विलंब या प्रवासापेक्षा मोठा असेल तर पेशी मऊ असतानाच निसटते आणि काहीही बिघडत नाही. विलंब लहान पडला तर ती ऐन बोळातच ताठ होते. सिकलसेलच्या रोग्याच्या शरीरात ही शर्यत अहोरात्र चाललेली असते. बहुतेक पेशी ती जिंकतात. म्हणूनच रोगी जगतो.

गोकुळपेठेच्या बाजारातल्या अरुंद बोळात एखादी हातगाडी आडवी झाली म्हणजे काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मागची माणसे थांबतात, त्यांच्यामागे सायकली, त्यांच्यामागे रिक्षा. रक्तवाहिनीतही तसेच होते, आणि शिवाय थांबलेल्या पेशींचा उरलासुरला प्राणवायू भोवतालची शरीरपेशी ओढून घेते, म्हणून त्याही ताठ होतात. कोंडी स्वतःलाच वाढवीत जाते. पलीकडच्या हाडाला, स्नायूला रक्त मिळेनासे होते, आणि मूल रडू लागते.

विलंब लांबतो किंवा आखडतो तो कशाने? मुख्यतः पेशीतील हिमोग्लोबिनच्या दाटपणाने. प्रयोगनळीतल्या मोजमापांवरून असे निघाले की, विलंब हा दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताने बदलतो. याचा सोपा अर्थ असा की, दाटपणा शेकडा एकने जरी वाढला तरी विलंब जवळजवळ पाव हिश्शाने कमी होतो. अंगातले पाणी घटले की पेशीही सुकते आणि तिच्यातले द्रव्य दाट होते. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ज्या मुलाने दुपारभर पाणी घेतले नाही, त्याच्या पेशींची शर्यत अशी हातची जाते. डॉक्टर ‘पाणी भरपूर पाजा’ असे सांगतात तेव्हा तो औषध न देण्याचा बहाणा नसतो. त्या सांगण्यामागे हे गणित असते.

सारांश, हा रोग पाहायचा तर तीन गोष्टी एकत्र हव्यात: अरुंद वाट, वाहते रक्त, आणि पाहिजे तेव्हा कमी-जास्त करता येणारा प्राणवायू. काचपट्टीवरचे रक्त स्थिर असते आणि वाट तर नसतेच. जिवंत मुलाच्या हाडात डोकावून पाहता येत नाही. तेव्हा कृत्रिम केशवाहिनी तयार करणे हाच मार्ग उरतो. चिप म्हणजे ती केशवाहिनी.

साचा आणि चिप

चितार ओळीत साच्यातून मूर्ती निघताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना चिप कशी होते हे समजायला अडचण पडू नये. संगणकाच्या चिपा ज्या कौशल्याने करतात, त्याच कौशल्याने येथे आधी साचा करतात. चिप हे नावही तेथूनच आले. सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर एका राळेसारख्या पदार्थाचा पातळ थर देतात. हा पदार्थ अतिनील प्रकाश पडला की घट्ट होतो. पाटांचा नकाशा काढलेला पडदा वर धरून प्रकाश सोडला, की नकाशातल्या रेघांपुरता थर घट्ट होतो आणि बाकीचा धुऊन जातो. चकतीवर काही मायक्रॉन उंचीचे बारीक बांध उभे राहतात. हा झाला साचा.

त्यावर पीडीएमएस या नावाचे एक दाट, पारदर्शक द्रव ओततात. ते सिलिकोन रबराच्या जातीचे आहे. घट्ट करणारे द्रव्य त्यात मिसळलेले असते. आतले हवेचे बुडबुडे काढून भट्टीत मंद उष्णता दिली की काही तासांत त्याचे मऊ रबर होते. ते सोलून काढले म्हणजे साच्यावर जेथे बांध होते तेथे रबरात पाट उमटलेले दिसतात. रबराला रक्त आत सोडण्यासाठी आणि बाहेर काढण्यासाठी भोके पाडतात, आणि पाटांची बाजू काचेवर बसवून कायमची चिकटवतात. चिप तयार झाली. ही सोपी रीत हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून हे शास्त्र फार झपाट्याने पसरले. एकदा साचा झाला की त्याच्यावर पुनःपुन्हा चिपा ओतता येतात.

या रबराचे तीन गुण आपल्या कामाचे आहेत. ते पारदर्शक आहे, म्हणून आतले दिसते. ते पेशींना अपाय करीत नाही. आणि त्यातून प्राणवायूसारखे वायू आरपार झिरपतात, रक्त मात्र झिरपत नाही. तिसऱ्या गुणामुळेच पुढचा प्रयोग शक्य झाला.

इतक्या बारीक पाटात द्रव वाहते कसे, हेही जाणून घेण्याजोगे आहे. वर्धा आणि वैनगंगा यांचा गडचिरोली जिल्ह्यात संगम होतो. अशा मोठ्या संगमावर भोवरे उठतात, पाणी घुसळते आणि काही अंतराने दोन्ही पाणी एकजीव होते. चिपेतल्या संगमावर भोवरा कधीच उठत नाही. मायक्रॉनच्या मापात द्रवाचा चिकटपणा त्याच्या जोरावर पूर्णपणे मात करतो. दोन रंगांचे द्रव दोन बाजूंनी आणून एका पाटात सोडले तर ते आखून दिल्यासारखे शेजारी शेजारी वाहत राहतात, आणि एकातले कण दुसऱ्यात जातात ते केवळ हळूहळू पसरत. यामुळे कोणत्या पेशीला कोणत्या क्षणी किती औषध किंवा किती प्राणवायू मिळाला याचा हिशेब अचूक ठेवता येतो. प्रयोगाला हवी असलेली शिस्त प्रवाहाच्या अंगीच असते.

आणखी एक फायदा आपल्याकडच्या डॉक्टरांना विशेष पटेल. १० मायक्रॉन रुंद, तेवढाच खोल आणि एक सेंटिमीटर लांब अशा पाटाचा हिशेब केला, तर रक्ताच्या एका साध्या थेंबाने असे सुमारे पन्नास हजार पाट भरतील. ज्या मुलाच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याच्याकडून परीक्षेसाठी नळीभर रक्त मागणे जिवावर येते. येथे थेंब पुरतो.

कोंडी डोळ्यांपुढे

२००७ साली जॉन हिगिन्स, डेव्हिड एडिंग्टन, संगीता भाटिया आणि एल. महादेवन या चौघांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. यांपैकी भाटिया यांचे आईवडील भारतातून तिकडे गेलेले, आणि महादेवन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. त्यांच्या चिपेत एकावर एक असे मजले होते. एका मजल्यात रक्ताचे पाट. ते एका रुंद पाटातून निघून, केशवाहिन्यांसारखे फुटत फुटत अरुंद होत जाणारे. दुसऱ्या मजल्यात वायूचे पाट. मध्ये त्या रबराचा पातळ पडदा. वायूच्या पाटात प्राणवायूऐवजी नत्रवायू सोडला, की पडद्यातून रक्तातला प्राणवायू निघून जातो. पुन्हा प्राणवायू सोडला की तो रक्तात परत येतो. रक्त मात्र ठरलेल्या दाबाखाली वाहतच असते. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी जे स्थिर पेशींवर दाखवले, ते आता वाहत्या रक्तात, पाहिजे त्या क्षणी करता येऊ लागले.

सिकलसेलच्या रोग्याचे रक्त या चिपेतून सोडले तेव्हा जोवर प्राणवायू होता तोवर ते सुरळीत वाहिले. प्राणवायू काढून घेतला तेव्हा प्रवाह मंदावला आणि थांबला. प्राणवायू परत देताच कोंडी सुटून प्रवाह पुन्हा सुरू झाला. मुलाच्या हाडात जे घडत होते ते शरीराबाहेर, मेजावर, डोळ्यांपुढे घडले. शिवाय कोंडी होणे न होणे हे एकट्या प्राणवायूवर ठरत नाही, तर वाटेची रुंदी, दाब आणि पेशींची संख्या यांच्या मेळावर ठरते, हेही त्यातून स्पष्ट झाले. मघाशी आपण जी शर्यत म्हटली तिचे नियम असे एकेक करून मोजता येऊ लागले.

२०१२ साली याच मंडळींनी पुढचे पाऊल टाकले. अनेक रोग्यांचे रक्त चिपेतून सोडून, प्राणवायू एकाएकी काढल्यावर प्रवाह किती झपाट्याने मंदावतो ते त्यांनी मोजले. ज्यांचा आजार तीव्र होता आणि ज्यांचा सौम्य होता, त्यांच्या रक्ताच्या वागण्यातला फरक या एका मापात दिसला. आपल्या त्या दोन भावंडांचा प्रश्न आठवा. कागदावर दोघांची नोंद एकच होती. वाहताना दोघांचे रक्त निराळे असू शकते.

औषधांची परीक्षाही येथे करता येते. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे प्रसिद्ध औषध. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते हळूहळू कमी होते. हे औषध ते पुन्हा वाढवते. गर्भावस्थेतले हे हिमोग्लोबिन दोऱ्या वळण्याच्या कामात सामील होत नाही, म्हणून विलंब वाढतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांचे सहकारी यांनी तीव्र आजाराच्या मुलांना हे औषध कमी आणि ठरावीक मात्रेत, दररोज वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, देऊन अभ्यास केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांची दुखण्याची आवर्तने त्यामुळे कमी झाली. त्याच वर्षी अमेरिकेत अटलांटा येथे विल्बर लॅम यांच्या प्रयोगशाळेने चिपेच्या पाटांना आतून रक्तवाहिनीच्याच जिवंत पेशींचे अस्तर लावले आणि या औषधाने कोंडी कमी होते हे त्यात दाखवले. एक अभ्यास मुलांच्या खाटेशी, दुसरा रबराच्या तुकड्यात. आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. शास्त्राला अशा साक्षी-पुराव्याची गरज असते.

जिवंत पेशींचे अस्तर लावण्याची कल्पना इतरही अवयवांना लागू झाली आहे. डोनाल्ड इंगबर आणि डॅन ह्यू यांनी २०१० साली श्वासाबरोबर ताणल्या जाणाऱ्या फुप्फुसाच्या पडद्याची नक्कल चिपेत करून दाखवली. २०२३ साली भारत सरकारनेही नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांवरील प्रयोगांच्या जोडीने अशा साधनांतून मिळालेला पुरावा ग्राह्य धरण्याची वाट मोकळी केली.

दुसऱ्या जातीची चिप

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. रक्त कसे वागते हे दाखवणारी चिप वेगळी, आणि रोग आहे की नाही एवढेच सांगणारी चिप वेगळी. पहिली संशोधनाच्या प्रयोगशाळेत असते. तिला पंप, वायूच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक आणि जाणता माणूस लागतो. भामरागडच्या एखाद्या उपकेंद्रात ती नेऊन ठेवण्यात आज तरी अर्थ नाही. तेथे दुसरी हवी.

दुसऱ्या जातीचे चांगले उदाहरण अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे उमुत गुरकान यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. पॉलिंग यांनी १९४९ साली मोठ्या यंत्रात जे केले, तेच हे साधन कागदाच्या बारीक पट्टीवर करते. थेंबभर रक्त ठेवायचे, वीज सोडायची; निरोगी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचे हिमोग्लोबिन निरनिराळ्या अंतरांवर सरकून वेगळ्या रेघा उमटतात. दहा मिनिटांच्या आत निकाल कळतो, आणि वाहक कोण व रोगी कोण हेही कळते. या साधनाच्या परीक्षा अमेरिका, नायजेरिया आणि थायलंडप्रमाणेच आपल्या मध्य भारतातही झाल्या आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तही सिकलसेलच्या तपासणीसाठी सूक्ष्मप्रवाही साधनांवर काम झाले आहे.

अशा साधनाची निकड केवढी आहे हे सांगायला एक आकडा पुरे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी आणि अन्य बाधित भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी, आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे तिचे उद्दिष्ट आहे. सात कोटी थेंब शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठवून हे काम उरकणारे नाही. रक्त दिले त्याच दिवशी, त्याच अंगणात निकाल हाती पडला, तर मनुष्य पुढचे ऐकून घ्यायला समोर बसलेला असतो.

चिपेच्या मर्यादा

नव्या साधनाची स्तुती करताना त्याच्या मर्यादा झाकणे हे श्रोत्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. रबराची वाट ही खरी रक्तवाहिनी नव्हे. खरी वाहिनी आकुंचन पावते, तिचे अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी तिच्या भिंतीला धरून बसतात, आणि ताप किंवा एखादा संसर्ग आला की हे सारे एकदम बदलते. चिपेत यातला एखादा भाग उचलून पाहता येतो, सगळे शरीर नाही. प्रयोगशाळा बदलली, रक्त किती तास ठेवले होते ते बदलले, तर मापेही बदलतात. म्हणून चिपेतल्या एका मापावरून ‘या मुलाला पुढच्या वर्षी असे होईल’ असे भाकीत कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आणि निदान म्हणजे उपचार नव्हे, हेही विसरून चालणार नाही. दहा मिनिटांत ‘एसएस’ असा निकाल सांगणारे यंत्र गावात पोहोचले, पण महिनाभराचे औषध घ्यायला आईला मजुरी बुडवून तालुक्याला दोन गाड्या बदलून जावे लागत असेल, तर त्या निकालाने तिच्या पदरात एका काळजीशिवाय दुसरे काय पडले? वाहक असलेल्या मुलीचा अहवाल सोयरिकीच्या बैठकीत तिच्याविरुद्ध वापरला गेला, तर शास्त्राने उपकार केले असे ती कशी म्हणेल? वाहक असणे हा आजार नाही. दोन वाहकांनी लग्न केले तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. एवढे दोघांनी आधी जाणून घ्यावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी व्हावी. एकट्या मुलीची नव्हे.

मग चिपेने आपल्याला दिले काय? माझ्या मते तिने एका दुखण्याची खात्री दिली. आजवर आई म्हणत होती की मूल खरोखर कळवळते, आणि ऐकणारा म्हणत होता की अंगावर तर काही दिसत नाही. आता ते दिसते. आठ मायक्रॉनची पेशी सहा मायक्रॉनच्या वाटेत ताठ होऊन अडते, तिच्यामागे शेकडो अडतात, आणि प्राणवायू मिळाल्यावर सुटतात, हे कोणालाही दाखवता येते.

हे ज्याने जाणले त्याला काही साधी कामे करता येतील. शिक्षक असेल तर त्याने वर्गातल्या अशा मुलाला उन्हाच्या तासाला मैदानावर पळवू नये, पाणी पिण्यासाठी आणि वारंवार लघवीला जाण्यासाठी परवानगी मागायला लावू नये, आणि त्याची गैरहजेरी आळसाच्या खाती मांडू नये. शेजारी असेल तर त्याने मुलाला ताप आल्याचे कळताच, उद्या पाहू असे न म्हणता, आईबरोबर दवाखान्यात जावे. तरुण असेल तर त्याने स्वतःचे रक्त एकदा तपासून घ्यावे. या कामांना चिप लागत नाही. ती का करावीत, एवढे मात्र चिपेने आपल्याला नीट समजावून सांगितले आहे.

येत्या दोन महिन्यांत ऊन आणखी चढेल. आपल्यापैकी ज्याच्या घरात, शाळेत किंवा वाड्यात असे मूल असेल, त्याने दुपारी त्याच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा आणि तो रिकामा होईपर्यंत तेथेच उभे राहावे.